महाराष्ट्र विधानसभेची नियम समिती : उगम, कार्य आणि मर्यादा

प्रस्तावना

संसदीय लोकशाहीच्या अभ्यासात निवडणुका, मंत्रिमंडळे, पक्षांतरे आणि गाजलेली विधेयके यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे स्थान सभागृहाच्या कार्यपद्धतीला मिळत नाही. लोकलेखा समिती, अंदाज समिती किंवा हक्कभंग समिती यांची नावे वृत्तपत्रांतून अधूनमधून वाचावयास मिळतात. नियम समितीचे नाव मात्र क्वचितच ऐकू येते. या समितीसमोर कोणताही मंत्री साक्षीसाठी उभा राहत नाही, कोणताही गैरव्यवहार तिच्या अहवालातून उघडकीस येत नाही आणि तिच्या बैठकांना गर्दी होत नाही. तथापि आमदाराला प्रश्न केव्हा विचारता येईल, विरोधकांच्या प्रस्तावाला वेळ मिळेल की नाही, सदस्याला सभागृहाबाहेर किती काळ ठेवता येईल आणि अध्यक्षाची निवड कोणत्या रीतीने होईल, हे सर्व ज्या नियमांनी ठरते त्या नियमांचा सांभाळ करण्याचे काम याच समितीकडे असते.

मुंबई इलाख्याच्या कौन्सिलपासून आजच्या महाराष्ट्र विधानसभेपर्यंत कार्यपद्धतीचे नियम करण्याचा अधिकार कोणाकडून कोणाकडे आला, त्यात नियम समितीचे स्थान काय आहे आणि २०२१-२२ या काळातील घटनांनी या समितीच्या मर्यादा कशा उघड केल्या, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

पूर्वपीठिका : गव्हर्नरचे नियम

१८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टनुसार मुंबई इलाख्यात कायदे कौन्सिल स्थापन झाले. हे कौन्सिल म्हणजे गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाचाच कायदे करण्यापुरता केलेला विस्तार होता. सदस्यांना प्रश्न विचारता येत नव्हते, अंदाजपत्रकावर बोलता येत नव्हते आणि कामकाजाचे नियम सरकारच करीत असे. १८९२ च्या कायद्याने प्रश्न विचारण्याचा व अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा मर्यादित अधिकार दिला. १९०९ च्या सुधारणांनी ठराव मांडण्याची व पुरवणी प्रश्न विचारण्याची मुभा दिली. या प्रत्येक टप्प्यावर सदस्यांचे अधिकार वाढले, परंतु त्या अधिकारांची चौकट आखणारे नियम मात्र सरकारच्याच हाती राहिले.

या परिस्थितीचा अनुभव १९०१ मध्ये आला. त्या वर्षी जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबई कौन्सिलपुढे आले. शेतकऱ्यांच्या जमीनधारणेच्या हक्कावर त्याचा परिणाम होणार असल्याने लोकमत अजमावण्यासाठी ते लांबणीवर टाकावे, अशी मागणी सर फिरोजशहा मेहता यांनी केली. सरकारी सदस्यांच्या बहुमतापुढे ती टिकली नाही. तेव्हा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे काही सहकारी सभागृहातून निघून गेले. हिंदुस्थानच्या विधिमंडळीय इतिहासातील आरंभीच्या सभात्यागांपैकी हा एक प्रसिद्ध सभात्याग होय. या प्रसंगाकडे बहुधा जमीनविषयक राजकारणाच्या दृष्टीने पाहिले जाते. परंतु कार्यपद्धतीच्या दृष्टीनेही तो बोलका आहे. ज्या सभागृहाच्या नियमांवर अल्पमताचा काहीच अधिकार चालत नाही, तेथे अल्पमतापाशी बाहेर जाण्यावाचून दुसरे साधन उरत नाही, ही गोष्ट त्यातून स्पष्ट झाली.

१९१९ ते १९४७ : नियम व स्थायी आदेश

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार १९२१ मध्ये नवे कौन्सिल अस्तित्वात आले. १९१९ च्या कायद्याने कार्यपद्धतीची विभागणी दोन स्तरांवर केली. वरच्या स्तरावर कायद्यान्वये केलेले 'नियम' होते आणि खालच्या स्तरावर 'स्थायी आदेश' होते. पहिले स्थायी आदेश गव्हर्नर-इन-कौन्सिलने करावयाचे होते. पुढे त्यांत बदल करण्याचा अधिकार कौन्सिलला होता, मात्र त्या बदलास गव्हर्नरची संमती लागे. स्थायी आदेश नियमांशी विसंगत असल्यास तेवढ्यापुरता तो निरर्थक ठरे. पहिली चार वर्षे कौन्सिलचा अध्यक्षही गव्हर्नरने नेमलेला असे. मुंबईत ही नेमणूक सर नारायण चंदावरकर यांची झाली. चार वर्षांनंतर अध्यक्ष निवडण्याचा अधिकार सभागृहाला मिळाला, तोही गव्हर्नरच्या मान्यतेच्या अधीन राहून.

असे असले तरी या मर्यादित चौकटीचा उपयोग सदस्यांनी कौशल्याने करून घेतला. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा इत्यादी अस्पृश्यांना खुल्या करण्याविषयीचा ठराव मुंबई कौन्सिलमध्ये संमत करून घेतला. हा बिनसरकारी सदस्याचा ठराव होता. पुढे महाडच्या सत्याग्रहाला या ठरावाचा आधार मिळाला. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महार वतनासंबंधी कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले आणि १९३७ मध्ये खोती पद्धत नष्ट करण्यासाठी दुसरे विधेयक मांडले. ही दोन्ही विधेयके कायद्यात रूपांतरित झाली नाहीत. तरीही बिनसरकारी सदस्याला विधेयक मांडण्याचा मार्ग नियमांनी खुला ठेवला होता, म्हणूनच हे प्रश्न सभागृहाच्या दप्तरात नोंदले गेले. ज्या समाजघटकांपाशी बहुमत नाही, त्यांच्या दृष्टीने कार्यपद्धतीचे नियम हे केवळ तांत्रिक कलमांचे पुस्तक नसते, हे या उदाहरणांवरून लक्षात येते.

१९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधिमंडळाला आपल्या कार्यपद्धतीचे नियम करण्याचा अधिकार प्रथमच ठळकपणे दिला. परंतु गव्हर्नरच्या स्वेच्छाधिकारातील बाबी, आर्थिक कामकाज वेळेत पुरे करणे, संस्थानांसंबंधीची चर्चा यांसारख्या विषयांवर अध्यक्षांशी विचारविनिमय करून नियम करण्याचा अधिकार गव्हर्नरने स्वतःकडे राखून ठेवला होता. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या अध्यक्षपदी गणेश वासुदेव मावळंकर आले आणि १९४६ पर्यंत ते त्या पदावर होते. जानेवारी १९४६ मध्ये ते मध्यवर्ती विधानसभेच्या अध्यक्षपदी ६६ विरुद्ध ६३ अशा अवघ्या तीन मतांनी निवडून आले. ती निवडणूक गुप्त मतदानाने झाली होती. सरकारी व सरकारनियुक्त सदस्यांची संख्या मोठी असलेल्या सभागृहात मतपत्रिकेची गुप्तता हे सदस्याच्या स्वातंत्र्याचे कवच होते. ही बाब पुढील चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

संविधानातील तरतूद आणि समितीचे स्वरूप

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २०८ नुसार राज्य विधिमंडळाच्या प्रत्येक सभागृहाला, संविधानाच्या तरतुदींच्या अधीन राहून, आपली कार्यपद्धती व कामकाज चालविण्यासाठी नियम करता येतात. असे नियम होईपर्यंत पूर्वीच्या प्रांतिक विधिमंडळाचे नियम अध्यक्ष किंवा सभापती यांनी केलेल्या फेरफारांसह चालू राहावेत, अशी सोय त्याच अनुच्छेदात केली आहे. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हाही हेच तत्त्व वापरले गेले. ३९६ सदस्यांच्या मुंबई विधानसभेतून २६४ सदस्य महाराष्ट्राच्या व १३२ सदस्य गुजरातच्या वाट्याला आले; आणि नवे नियम होईपर्यंत मुंबई विधानसभेचेच नियम दोन्ही राज्यांत लागू राहिले. महाराष्ट्र विधानसभेचे पहिले अध्यक्ष सयाजी सिलम हेही मुंबई विधानसभेचेच अध्यक्ष होते. म्हणजे राज्य नवे असले तरी कार्यपद्धतीची परंपरा अखंड राहिली.

नियम करण्याचा अधिकार संपूर्ण सभागृहाचा आहे. परंतु पावणेतीनशेच्या आसपास सदस्यांच्या सभागृहाने प्रत्येक नियमाचा मसुदा तपासणे व्यवहार्य नाही. म्हणून हे काम नियम समितीकडे सोपविले जाते. या समितीची तीन वैशिष्ट्ये सांगता येतील.

पहिले वैशिष्ट्य म्हणजे सभागृहाचा अध्यक्ष हाच तिचा पदसिद्ध प्रमुख असतो. आर्थिक समित्यांचे प्रमुखपद इतर सदस्यांना दिले जाते. नियमांचा अर्थ लावणे हे मुळात अध्यक्षाचे काम असल्याने नियमांत बदल सुचविणाऱ्या समितीचे नेतृत्वही त्यानेच करावे, हा त्यामागील विचार होय.

दुसरे वैशिष्ट्य असे की, समिती केवळ शिफारस करते. लोकसभेच्या पद्धतीवरून ही बाब चांगली समजते. तेथे समितीच्या शिफारशी सभागृहाच्या पटलावर ठेवल्या जातात. सात दिवसांत कोणत्याही सदस्याला दुरुस्तीची सूचना देता येते. सूचना आल्यास ती पुन्हा समितीकडे जाते. न आल्यास शिफारशी सभागृहाने मान्य केल्या असे समजले जाते. राज्यांच्या विधानसभांतील तपशील वेगवेगळे असले, तरी पूर्वसूचना, हरकतींसाठी मुदत आणि अंतिम मान्यता हा क्रम सर्वत्र गृहीत धरलेला आहे. हरकतीची मुदत हाच या पद्धतीचा कणा आहे, असे म्हणता येईल.

तिसरे वैशिष्ट्य संकेताचे आहे. नियम समितीत विरोधी पक्षांचे सदस्य असतात आणि निर्णय शक्यतो एकमताने व्हावेत अशी अपेक्षा असते. आजचा सत्ताधारी उद्या विरोधी बाकांवर बसणार आहे, या जाणिवेतून हा संकेत निर्माण झाला आहे. महाराष्ट्रात नियम २९३ अन्वये होणारी चर्चा, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, शुक्रवारचे अशासकीय कामकाज ही विरोधकांची नेहमीची साधने आहेत. ती टिकून आहेत याचे कारण प्रत्येक पक्षाला कधी ना कधी त्यांची गरज पडली आहे.

समितीच्या अधिकाराला संविधानाच्या मर्यादा आहेत. अनुच्छेद १८९ मधील मतदानविषयक तत्त्व, अनुच्छेद २११ मधील न्यायाधीशांच्या वर्तनावरील चर्चेस मनाई यांसारख्या तरतुदी नियमांनी ओलांडता येत नाहीत. आर्थिक कामकाज वेळेत पुरे व्हावे म्हणून अनुच्छेद २०९ नुसार विधिमंडळ कायदाही करू शकते आणि असा कायदा सभागृहाच्या नियमांवर मात करतो. १९६८ मध्ये पंजाबात अध्यक्षांनी अंदाजपत्रकाच्या काळात सभागृह दोन महिन्यांसाठी तहकूब केले, तेव्हा राज्यपालांनी सत्रसमाप्ती करून याच अनुच्छेदाच्या आधारे अध्यादेश काढला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ही कृती वैध ठरविली. दुसऱ्या बाजूने, अनुच्छेद २१२ नुसार केवळ कार्यपद्धतीतील अनियमिततेच्या कारणावरून सभागृहाच्या कामकाजाला न्यायालयात आव्हान देता येत नाही. १९६४ च्या केशवसिंग प्रकरणातील मतप्रदर्शनापासून न्यायालयांनी अनियमितता आणि बेकायदेशीरपणा यांत भेद केला आहे. पहिल्यापासून सभागृहाला संरक्षण आहे, दुसऱ्यापासून नाही.

नियमाबाहेरचे निलंबन : २०२१

या भेदाची कसोटी महाराष्ट्रातच लागली. ५ जुलै २०२१ रोजी पीठासीन अधिकाऱ्यांशी गैरवर्तन केल्याच्या कारणावरून भारतीय जनता पक्षाच्या बारा आमदारांना ठरावाद्वारे एक वर्षासाठी निलंबित करण्यात आले. महाराष्ट्र विधानसभा नियमांतील नियम ५३ मध्ये गैरशिस्तीच्या वर्तनासाठी चढत्या क्रमाची कारवाई सांगितली आहे. सदस्याला आधी त्या दिवसापुरते सभागृहाबाहेर जाण्यास सांगता येते. त्याच अधिवेशनात पुन्हा तसे घडल्यास अधिवेशनाच्या उर्वरित काळापर्यंत अनुपस्थित राहण्याचा आदेश देता येतो. एक वर्षाचे निलंबन या चौकटीत बसत नव्हते. सभागृहाने आपल्या अंगभूत अधिकारात ठराव केला आहे, असे त्याचे समर्थन करण्यात आले.

२८ जानेवारी २०२२ रोजी आशिष शेलार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अधिवेशनाच्या उर्वरित काळापलीकडील निलंबन असंविधानिक व बेकायदेशीर ठरविले. शिस्त राखण्याचा हेतू अधिवेशनापुरता सफल होतो. त्यापुढील निलंबन म्हणजे संबंधित मतदारसंघालाच दिलेली शिक्षा होय, असा या निर्णयाचा आशय आहे. सदस्याचे पद रिक्त झाल्यास पोटनिवडणूक साधारणतः सहा महिन्यांत घ्यावी लागते. निलंबित सदस्याचे पद मात्र रिक्त होत नाही आणि मतदारसंघ वर्षभर प्रतिनिधीविना राहतो, ही विसंगती न्यायालयाने दाखविली. नियम समितीच्या अभ्यासात या निर्णयाचे महत्त्व असे की, सभागृहाने स्वतः केलेला नियम हीच सभागृहाच्या वर्तनाची पहिली मोजपट्टी ठरली. अधिक कठोर तरतूद आवश्यक वाटत असेल, तर ती नियमांत बदल करून, हरकती ऐकून करावयास हवी. रागाच्या भरात केलेला ठराव तिची जागा घेऊ शकत नाही.

अध्यक्षनिवडीच्या नियमातील बदल

त्याच काळात दुसरा, अधिक गुंतागुंतीचा प्रश्न उभा राहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि पद रिकामे राहिले. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ कामकाज पाहत होते. नियम ६ नुसार अध्यक्षाची निवडणूक गुप्त मतदानाने होत असे. २०१४ मध्ये हरिभाऊ बागडे आणि २०१९ मध्ये नाना पटोले यांची निवड बिनविरोध झाली. त्यामुळे गुप्त मतदानाची तरतूद पुस्तकात असली तरी ती प्रत्यक्षात वापरण्याची वेळ या निवडींत आली नाही. परंतु तीन पक्षांच्या आघाडी सरकारला मतफुटीची शंका वाटत असताना तीच तरतूद निर्णायक ठरण्याची शक्यता निर्माण झाली.

डिसेंबर २०२१ च्या हिवाळी अधिवेशनात नियम समितीच्या शिफारशीनुसार नियम ६ व ७ मध्ये बदल करण्यात आला. अध्यक्ष व उपाध्यक्ष यांची निवड गुप्त मतदानाऐवजी खुल्या पद्धतीने, आवाजी मतदानाने व्हावी आणि अध्यक्षाच्या निवडणुकीची तारीख राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांच्या शिफारशीवरून निश्चित करावी, असा या बदलाचा गाभा होता. लोकसभेत तसेच अन्य सभागृहांत अध्यक्ष प्रस्तावाद्वारे निवडला जातो, हा सत्ताधाऱ्यांचा युक्तिवाद होता आणि तो तथ्यहीन नव्हता. राज्यसभेच्या निवडणुकीत २००३ मध्ये खुले मतदान आणले गेले आणि २००६ मध्ये कुलदीप नय्यर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला होता. पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या सदस्याने मत उघडपणे द्यावे, ही भूमिका घोडेबाजाराला आळा घालणारी मानली गेली.

विरोधकांचा आक्षेप दुहेरी होता. गुप्ततेमुळे सदस्याला मिळणारे स्वातंत्र्य नाहीसे होते, हा आशयाचा आक्षेप होता. त्याहून महत्त्वाचा आक्षेप पद्धतीचा होता. हरकतींसाठी असलेली दहा दिवसांची मुदत एका दिवसावर आणण्यात आली, अशी त्यांची तक्रार होती. तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी बदललेल्या पद्धतीविषयी शंका व्यक्त करून निवडणुकीच्या तारखेस संमती दिली नाही आणि अधिवेशन अध्यक्षाविनाच संपले. या बदलास आव्हान देणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये फेटाळल्या. अध्यक्षाची निवड हा सभागृहाच्या सदस्यांचा विषय असून त्यात जनहित याचिकेला वाव नाही, असा न्यायालयाचा कल होता.

जून २०२२ मध्ये राज्यात सत्तांतर झाले. ३ जुलै २०२२ रोजी विशेष अधिवेशनात अध्यक्षाची निवडणूक झाली, ती बदललेल्या नियमांनुसारच. शिरगणतीत राहुल नार्वेकर यांना १६४ आणि राजन साळवी यांना १०७ मते मिळाली. ज्या आघाडीने आपले बहुमत सुरक्षित राखण्यासाठी नियम बदलला, तिच्याच उमेदवाराचा त्या नियमाखाली पराभव झाला. ज्यांनी त्या नियमाला विरोध केला होता, त्यांनी त्याच नियमाने अध्यक्षपद मिळविले. आणि ज्या राज्यपालांनी डिसेंबरात तारीख दिली नव्हती, त्यांच्याच कारकिर्दीत जुलैत ही निवडणूक पार पडली. नियम कोणाच्याही बाजूचा नसतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण महाराष्ट्राच्या विधिमंडळीय इतिहासात शोधणे कठीण आहे.

विश्लेषण

वरील घटनाक्रमातून दोन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. नियम चांगला की वाईट, हा एक प्रश्न. तो कसा केला गेला, हा दुसरा. १९४६ मध्ये गुप्त मतदान सदस्यांना परकीय सत्तेच्या दबावापासून वाचवीत होते. जबाबदार पक्षपद्धतीत खुले मतदान मतदारांना उत्तरदायी ठरते. दोन्ही पद्धतींचे समर्थन करता येते आणि काळानुसार एकीकडून दुसरीकडे जाणे गैर नाही. परंतु अध्यक्षपद रिकामे असताना, म्हणजे समितीचा नियमित प्रमुखच नसताना, त्याच पदाच्या निवडीचा नियम घाईने बदलला गेल्याने बदलाच्या गुणवत्तेपेक्षा हेतूचीच चर्चा झाली. हरकतीची मुदत पूर्ण दिली असती, तर कदाचित निकाल तोच लागला असता. पण त्या नियमाला सर्वांची मान्यता मिळण्याची शक्यता राहिली असती.

अनुच्छेद २१२ मुळे न्यायालये अशा घाईची दखल सहसा घेऊ शकत नाहीत. राज्यपालांनी ती दखल घेतल्यास सभागृहाच्या स्वायत्ततेवर आघात होतो. १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांतील गव्हर्नरच्या संमतीची आठवण व्हावी, अशी ती स्थिती असते. म्हणजेच बहुमताच्या घाईला आवर घालण्याचे काम अखेरीस सभागृहातील नियम समितीलाच करावे लागते. समितीतील सत्ताधारी सदस्यांनी ते केले नाही, तर दुसरे कोणीही करू शकत नाही.

निष्कर्ष

मुंबई कौन्सिलपासून महाराष्ट्र विधानसभेपर्यंतच्या प्रवासात नियम करण्याचा अधिकार गव्हर्नरच्या दालनातून सभागृहात आला. १९०१ मध्ये मेहता-गोखले यांना जो मार्ग उपलब्ध नव्हता, तो आजच्या प्रत्येक सदस्याला उपलब्ध आहे. नियम समिती हे या अधिकाराचे प्रत्यक्ष साधन होय. तिच्यापाशी दंड करण्याची शक्ती नाही. पूर्वसूचना, पुरेशी मुदत आणि शक्यतो एकमत हेच तिचे बळ आहे. ही तीन पथ्ये पाळली गेली, तर नियम सर्वांचे राहतात. न पाळल्यास ते त्या दिवशीच्या बहुमताचे होतात. नियम ५३ आणि नियम ६ यांच्या अलीकडील इतिहासाने हीच गोष्ट, एकदा एका पक्षाच्या व एकदा दुसऱ्या पक्षाच्या अनुभवातून, अधोरेखित केली आहे. सभागृहात आज कोण कोणत्या बाकावर बसले आहे हे विसरून नियम करणे, हेच नियम समितीचे खरे कार्य होय.